पेरॅम्ब्युलेट

पेरॅम्ब्युलेट : इंग्रजी क्रियापद. एखाद्या प्रदेशातून पायी हिंडणे. विशेषतः त्याची हद्द पाहण्यासाठी कडेकडेने चालत जाणे. आजच्या इंग्रजी बोलण्यात ते क्वचित येते, आणि आले तर फेरफटका मारण्याला दिलेले भारदस्त नाव म्हणून. या वापरात शब्दाची मूळ ताकद जवळजवळ हरवली आहे. कित्येक शतके हे चालणे म्हणजे जमिनीच्या हक्काचा पुरावा होता.

मूळ लॅटिन ‘पेराम्बुलारे’. ‘पेर’ म्हणजे मधून, आरपार; ‘आम्बुलारे’ म्हणजे चालणे. याच ‘आम्बुलारे’पासून निघालेले काही शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. सैन्याबरोबर हलणाऱ्या फिरत्या रुग्णालयाच्या फ्रेंच नावातून ‘अँब्युलन्स’ आला. संविधानाच्या उद्देशिकेला इंग्रजीत ‘प्रिअँबल’ म्हणतात. त्याचा धात्वर्थ पुढे चालणारा.

इंग्लंडमध्ये १२१७ च्या वनसनदेनंतर राजाच्या राखीव वनांची सीमा कुठवर, हा मोठ्या तंट्याचा विषय झाला. सीमेच्या आत कडक वनकायदा लागू असे, त्यामुळे शिकारीवर आणि लाकूडतोडीवर बंधने येत. वनाची हद्द चालत जाऊन ठरवायची आणि ओढे, झाडे, वाटा अशा खुणांनिशी ती लिहून काढायची, ही पद्धत पडली. या फेरीला आणि तिच्या लेखालाही ‘पेरॅम्ब्युलेशन’ हेच नाव होते.

सामान्य माणसाशी शब्दाचा संबंध आला तो पॅरिशमुळे, म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील गावभागामुळे. वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत, धर्मगुरू, गावातली वडीलधारी माणसे आणि मुले मिळून पॅरिशच्या सीमेवरून चालत. हातातल्या काठ्यांनी सीमेचे दगड बडवत. कधी मुलांनाच त्या दगडांवर आपटत किंवा छडी मारत, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहावी. प्रथा क्रूर वाटते, पण तिच्यामागची गरज खरी होती. नकाशे दुर्मीळ होते. एखाद्या शेताचा कर कोणत्या पॅरिशला, एखाद्या निराधाराला पोसण्याची जबाबदारी कोणाची, असे वाद पन्नास वर्षांनी उभे राहिले तर त्या वेळच्या मुलांची आठवण कामी येई. धार्मिक मिरवणुका बंद झाल्यानंतरही १५५९ च्या राजाज्ञांनी वर्षातून एकदा ही सीमाफेरी चालू ठेवली. कवी आणि धर्मगुरू जॉर्ज हर्बर्ट याने, मृत्यूनंतर १६५२ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या गद्यग्रंथात, तिचे चार लाभ सांगितले आहेत : पिकांसाठी ईश्वराचा आशीर्वाद, सीमांचे न्याय्य रक्षण, शेजाऱ्यांनी बरोबर चालता चालता भांडणे मिटवणे, आणि गरिबांना दानधर्म. यांतला तिसरा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या रेषेवरून तंटा व्हायचा, तिच्यावरूनच दोन्हीकडच्या माणसांना एकत्र चालावे लागे.

विल्यम लॅम्बार्ड याने १५७६ मध्ये केंट परगण्याचे वर्णन छापले, तेव्हा ग्रंथाच्या नावातच ‘पेरॅम्ब्युलेशन’ घातले. परगण्याचा इतिहास म्हणून लिहिलेला हा इंग्रजीतला पहिला ग्रंथ.

इंग्लंडमधून वसाहतींबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथे ती कायद्यात टिकून आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये दर पाच वर्षांनी शहरांच्या सीमाखुणा शोधून, त्या ताज्या करून दगडावर साल नोंदवायचे असते. न्यू हॅम्पशायरमध्ये ही मुदत सात वर्षांची आहे.

‘पेरॅम्ब्युलेट’ या क्रियापदावरून झालेले ‘पेरॅम्ब्युलेटर’ हे नाम पुढे अंतर मोजण्याच्या चाकाला मिळाले. दांड्याला धरून चाक ढकलत न्यायचे आणि त्याच्या फेऱ्यांवरून अंतर काढायचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मोजणीदारांनी हिंदुस्थानातले रस्ते याच चाकाने मोजले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे नाव लहान मुलांच्या ढकलगाडीकडे गेले. त्याचे ‘प्रॅम’ झाले, आणि मराठीत ती वस्तू बाबागाडी म्हणून रुळली. मूळ क्रियापद मागे पडले तरी हे नाम घराघरांत पोचले.