कांचनजंगा अपार्टमेंट्स

कांचनजंगा अपार्टमेंट्स ही मुंबईतील कंबाला हिल भागात पेडर रोडवर, म्हणजेच डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर असलेली २८ मजली निवासी इमारत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने तिचा आराखडा तयार केला. १९७० मध्ये हाती घेतलेला हा प्रकल्प १९८३ मध्ये पूर्ण झाला. हिमालयातील शिखराचे नाव धारण करणारी ही इमारत भारतातील आधुनिक वास्तुकलेचे महत्त्वाचे उदाहरण मानली जाते. उष्ण व दमट हवामानात उंच इमारत कशी असावी, या प्रश्नाला दिलेले उत्तर हे तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवल्यास समुद्रावरून येणारा वारा मिळतो. शहरातील उत्तम देखावेही याच दिशांना आहेत: पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला बंदर. मात्र दुपारचे कडक ऊन आणि पावसाळ्यातील झोडपणारा पाऊसही पश्चिमेकडूनच येतो. जुन्या बंगल्यांमध्ये राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा बांधून ही अडचण सोडवली जात असे. व्हरांडा ऊन-पाऊस स्वतःवर झेलतो आणि आतल्या खोल्यांत हवा खेळती राहते. कोरिया यांनी हेच तत्त्व उंच इमारतीत वापरले.

रचना

इमारतीचा तळ सुमारे २१ मीटर बाजूचा चौरस असून उंची सुमारे ८४ मीटर आहे. म्हणजे रुंदी व उंचीचे प्रमाण १:४ आहे. इमारतीत ३२ सदनिका आहेत. तीन ते सहा शयनकक्षांच्या या सदनिकांचे चार मुख्य प्रकार असून त्या एकमेकींत गुंतवून बसवल्या आहेत. त्यामुळे अनेक घरांत आतच पातळी बदलते.

प्रत्येक घराला इमारतीच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची आहे. ही गच्ची व्हरांड्याचे काम करते आणि घरातल्या घरात उघडे अंगणही देते. बाहेरून पाहता फिकट रंगाच्या साध्या भिंतींत कोपऱ्यांवर खोल पोकळ्या कोरल्यासारख्या दिसतात. त्यांच्या आतील बाजूंना भडक रंग दिले आहेत.

बांधकाम

इमारतीची संरचना अभियंता शिरीष पटेल यांनी केली. जवळच्या केम्प्स कॉर्नर येथील १९६५ मधील उड्डाणपुलाचे रचनाकारही तेच होत. इमारतीच्या मध्यभागी उद्वाहनांना सामावणारा काँक्रीटचा गाभा असून वारा व भूकंप यांचा आडवा जोर मुख्यतः तोच पेलतो. त्यामुळे कोपऱ्यांतील गच्च्या खांबांशिवाय मोकळ्या ठेवता आल्या. हा गाभा सरकत्या साच्याच्या पद्धतीने उर्वरित बांधकामाच्या आधी उभारण्यात आला. बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत भारतात प्रथम येथेच वापरली गेली.

महत्त्व

कोरिया, मेहता आणि पटेल या तिघांनीच १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. 'मार्ग' या नियतकालिकाने १९६५ मध्ये तिला प्रसिद्धी दिली आणि पुढे त्यातूनच नवी मुंबई आकाराला आली. त्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नंतर नाशिक, औरंगाबाद आणि नांदेड येथेही नव्या वसाहती उभारल्या.

बेटावरील गर्दी कमी करू पाहणाऱ्या या तिघांनी त्याच बेटावर श्रीमंतांसाठी मनोरा उभारावा, यातील विसंगती लक्षणीय आहे. मोजक्या कुटुंबांच्या या इमारतीने शहराचा निवाऱ्याचा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. उघड्या आकाशाखालील जागा ही घराची गरज आहे, हा कोरिया यांचा आग्रह मात्र श्रीमंतांपुरता मर्यादित नव्हता. नवी मुंबईतील बेलापूर येथील बैठ्या घरांच्या वसाहतीत त्यांनी अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांनाही स्वतंत्र अंगण दिले.

कोरिया यांना १९८४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे सुवर्णपदक आणि २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मुंबईत आता कांचनजंगापेक्षा कितीतरी उंच मनोरे आहेत. त्यांपैकी अनेक काचेने बंद केलेले असून वातानुकूलनावर अवलंबून आहेत. त्यामुळे हवामानाशी जुळवून घेणाऱ्या उंच इमारतीचे उदाहरण म्हणून कांचनजंगाचा अभ्यास वास्तुकलेचे विद्यार्थी आजही करतात.