मधली वाट नसलेलं विमान

१९६५ साली ब्रिटन आणि फ्रान्स मिळून आवाजापेक्षा वेगवान असं काँकॉर्ड बांधत होते. त्याच वर्षी १३ जूनला आइल ऑफ वाइट बेटावरच्या बेम्ब्रिजहून एका ठोकळेबाज, दोन इंजिनांच्या विमानाने पहिलं उड्डाण केलं. त्याचं नाव ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. विमानांच्या इतिहासात त्याला सहसा दोन ओळी मिळतात. मला ते अन्यायाचं वाटतं.

जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन यांचा कॅमेरूनमधल्या एका छोट्या हवाई कंपनीशी संबंध होता. आखूड धावपट्ट्या, जवळजवळची गावं, मोजके प्रवासी. अशा कामासाठी बाजारात धड विमान नव्हतं. मग त्यांनी ते स्वतःच बनवलं, आणि काय काय टाळता येईल याचा हिशेब आधी केला. दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत चाकं पोटात घेऊन वेग कितीसा वाढणार? उलट दिवसातून वीसदा उघडमीट करणारी यंत्रणा बिघडणार. म्हणून चाकं कायमची बाहेर. पंख वरच्या बाजूला, म्हणजे खडबडीत पट्टीवरचे खडे-काटे त्यांच्यापासून लांब. आणि आत मधली वाटच नाही! प्रवासी मोटारीसारखे बाजूच्या दारांतून थेट आपल्या बाकावर बसतात. त्यामुळे सुमारे १.१ मीटर रुंदीच्या केबिनमध्ये नऊ प्रवासी मावतात, विमान हलकं राहतं आणि पिस्टन इंजिनांवर भागतं.

याचा खरा अर्थ स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर कळतो. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. १९६७ पासून लोगनएअरची ही सेवा चालू आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असताना एकदा हा प्रवास ५३ सेकंदांत झाला. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा म्हणून आपण ते कौतुकाने वाचतो. पण शंभरेक वस्तीच्या त्या बेटावर शिक्षक, डॉक्टर, रुग्ण याच विमानाने ये-जा करतात. तिथे ते आपल्या एसटीच्या जागी आहे.

आपल्याकडे भारतीय नौदलानेही १९७०च्या दशकात आयलंडर घेतली.

यंत्र सोपं होतं, धंदा मात्र सोपा नव्हता. १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, नंतर मालक बदलत राहिले. विमान मात्र टिकलं. रुमानियातही त्याची शेकड्यांनी बांधणी झाली आणि एकूण संख्या बाराशेच्या वर गेली.

काँकॉर्ड २००३ साली निवृत्त झालं आणि संग्रहालयांत गेलं. त्याची जागा घेणारं वेगवान प्रवासी विमान आलं नाही, तरी कुणाचं अडलं नाही. लोक चार तास जास्त बसून अटलांटिक ओलांडू लागले. पापा वेस्ट्रेचं विमान बंद झालं, तर खवळलेल्या समुद्राच्या दिवशी तिथल्या आजारी माणसाला बोटीची वाट पाहावी लागेल. इतिहासात कुणाला किती ओळी द्यायच्या, हे ठरवताना मी हा फरक मोजतो.