वृद्धांसाठी प्राणिसाहाय्यित उपचार

वृद्ध व्यक्तीच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी प्राण्याच्या सहवासाचा हेतुपुरस्सर केलेला उपयोग. यासाठी मुख्यत्वे शिकविलेला व शांत स्वभावाचा कुत्रा वापरतात; त्याशिवाय मांजर, ससा, पाळीव पक्षी व मासे यांचाही उपयोग करण्यात येतो. तज्ज्ञाने उद्दिष्ट ठरवून व प्रगतीची नोंद ठेवून केलेला उपचार, स्वयंसेवकाने आपल्या प्राण्यासह शुश्रूषागृहाला दिलेली भेट आणि संस्थेतच कायमचे प्राणी पाळणे, असे त्याचे तीन प्रकार मानता येतात. प्राण्याच्या सहवासाने मनुष्यास बरे वाटते, ही गोष्ट अनुभवाने फार पूर्वीच ज्ञात होती. परंतु हा परिणाम किती, कोणावर व कशामुळे होतो, हे पद्धतशीरपणे तपासण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले.

पूर्वेतिहास : विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) या क्वेकर पंथीय गृहस्थाच्या पुढाकाराने इंग्लंडमधील यॉर्क येथे मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ ही संस्था १७९६ मध्ये सुरू झाली. साखळदंड व मारहाण यांऐवजी ममतेच्या वागणुकीवर तेथे भर होता. तिच्या आवारात ससे, कोंबड्या व इतर पक्षी ठेवलेले असत, असे विल्यमचा नातू सॅम्युएल याने १८१३ साली लिहिलेल्या वृत्तांतावरून दिसते. आधुनिक परिचर्येची प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) हिने परिचर्येवरील आपल्या ग्रंथात दीर्घकाळ आजारी असलेल्यांना लहान पाळीव प्राण्याची सोबत उत्तम ठरते, असे नमूद केले. रुग्णाला शक्य असल्यास त्या प्राण्याला खाऊ घालण्याचे व त्याची स्वच्छता राखण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे, असेही तिने सुचविले. केवळ प्राण्याचा सहवास नव्हे, तर त्याची जबाबदारी हितकारक असते, हा विचार येथे प्रथमच स्पष्टपणे आलेला दिसतो. पुढे रुग्णालयांत जंतुप्रतिबंधक स्वच्छतेचे नियम कडक झाले, तसे प्राणी तेथून हद्दपार झाले.

संशोधनाचा प्रारंभ : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन (१९०७–८४) यांच्याकडे आलेला एक अबोल मुलगा त्यांच्या ‘जिंगल्स’ नावाच्या कुत्र्याशी खेळताना मोकळा झाला. या अनुभवावर आधारित निबंध त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी शुश्रूषागृहांतील वृद्धांच्या प्रश्नाकडेही लक्ष वेधले. ओहायओ राज्य विद्यापीठातील सॅम्युएल व एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्याने १९७० नंतरच्या दशकात हा प्रयोग प्रथम मनोरुग्णालयात व नंतर वृद्धांच्या शुश्रूषागृहात केला. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ५० मनोरुग्णांपैकी ४७ जणांत त्यांना सुधारणा आढळली. तथापि तुलनेसाठी दुसरा गट घेतलेला नसल्याने या आकड्यांवरून निश्चित अनुमान काढता येत नव्हते.

तुलनेची ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. रॉजर मगफर्ड व मॅकॉमिस्की यांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी काहींना बजरीगर जातीचे छोटे पोपट, तर काहींना बिगोनियाची रोपे दिली. पक्षी मिळालेल्यांच्या सामाजिक वृत्तीत अधिक सुधारणा झाल्याचे त्यांनी १९७५ मध्ये नोंदविले. पोपटाच्या निमित्ताने शेजारीपाजारी डोकावू लागले व बोलण्यास विषय मिळाला. प्रयोगातील व्यक्तींची संख्या मात्र अल्प होती. अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकारी यांनी १९८० मध्ये हृद्‌रोगी रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. घरी प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी ३, तर प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११ रुग्ण वर्षभरात मरण पावल्याचे तीत आढळले. या पाहणीमुळे वैद्यकाचे लक्ष या विषयाकडे वळले.

संघटना व कायदा : या क्षेत्रात अमेरिकेत ‘डेल्टा’ ही संस्था १९७७ मध्ये व ब्रिटनमध्ये ‘पेट्‌स ॲज थेरपी’ ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. प्राण्याचा स्वभाव व आरोग्य यांची परीक्षा घेऊनच त्याला भेटीस नेण्याची पद्धत अशा संस्थांमुळे रूढ झाली. अमेरिकेने १९८३ मध्ये केलेल्या कायद्यान्वये, केंद्रीय साहाय्याने वृद्धांसाठी बांधलेल्या भाड्याच्या घरांत पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्यास मनाई करण्यात आली. घर बदलताना आपले कुत्रे वा मांजर सोडून देण्याची पाळी अनेक वृद्धांवर येई. तीतून काहींची सुटका झाली.

शुश्रूषागृहातील पुनर्रचना : न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन येथील चेस मेमोरियल शुश्रूषागृहात बिल टॉमस या डॉक्टरने १९९१ मध्ये वेगळा मार्ग अवलंबिला. एकाकीपणा, असहायता व कंटाळा हे संस्थेतील वृद्धांचे खरे आजार होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सु. ८० वृद्धांच्या या संस्थेत त्यांनी दोन कुत्रे, चार मांजरे व शंभर पक्षी आणले. पाहुणा प्राणी येतो व जातो. येथे मात्र पक्ष्याला दाणापाणी देणे व कुत्र्याला फिरविणे ही कामे वृद्ध स्वतः करू लागले. शेजारच्या एका शुश्रूषागृहाशी तुलना करता औषधांचे प्रमाण निम्म्यावर आले व मृत्यू १५ टक्क्यांनी घटले, असे सांगण्यात आले. या पद्धतीस ‘ईडन ऑल्टर्नेटिव्ह’ असे नाव मिळाले. तथापि याच पद्धतीच्या २००२ मधील एका वर्षभराच्या तुलनात्मक अभ्यासात वृद्धांची बुद्धिशक्ती, कार्यक्षमता वा आयुर्मान यांवर तिचा लाभदायक परिणाम आढळला नाही.

पुरावा व मर्यादा : त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातील ४५ वृद्धांच्या अभ्यासात कुत्र्याच्या नियमित भेटींमुळे एकटेपणाची भावना कमी झाल्याचे दिसून आले. भोजनगृहात माशांची काचपेटी ठेवल्यास स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अधिक अन्न घेतात, असेही २००२ मध्येच पर्ड्यू विद्यापीठातील संशोधनात आढळले. ‘कॉक्रेन’च्या २०१९ मधील परामर्शात स्मृतिभ्रंशाच्या एकूण ३०५ रुग्णांवरील नऊ नियंत्रित प्रयोग विचारात घेतले होते. या उपचाराने नैराश्याची लक्षणे किंचित कमी होत असावीत, परंतु पुरावा दुर्बल आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. प्राणी कोणता हे रुग्णास माहीत असतेच, त्यामुळे औषधांप्रमाणे अनभिज्ञ प्रयोग येथे करता येत नाहीत. शिवाय प्राण्याचा परिणाम व त्याला घेऊन येणाऱ्या माणसाचा परिणाम वेगळे करणे कठीण असते.

या दुसऱ्या अडचणीवर यांत्रिक प्राण्यांनी काहीसा प्रकाश टाकला. जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिलासारखा दिसणारा ‘पारो’ हा यंत्रप्राणी १९९३ पासून विकसित केला. तो चावत नाही, आजारी पडत नाही व मरतही नाही. मात्र त्याची काळजी घेण्याची खरी गरज नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाने त्याला जिवंत समजावे, हे कितपत उचित, असाही प्रश्न उपस्थित करण्यात येतो.

जिवंत प्राण्यामुळे संसर्ग, ॲलर्जी, ओरखडे व पायात अडखळून पडणे हे धोके संभवतात. काहींना प्राण्यांचे भय वा तिटकाराही असतो, म्हणून वृद्धाची संमती आवश्यक ठरते. प्राण्याला श्रम व ताण होऊ नये यासाठी त्याच्या कामाचे तास मर्यादित ठेवतात. मुंबई व पुणे येथे एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून शिकविलेल्या कुत्र्यांच्या साहाय्याने असे कार्य चालते. वृद्धाश्रमांच्या दृष्टीने या इतिहासातून एक व्यावहारिक बोध निघतो : आयुष्यभर इतरांचे करीत आलेल्या व्यक्तीस केवळ सेवा घ्यावी लागणे जड जाते. प्राणी असो वा बाग, तिच्यावर अवलंबून असणारे काहीतरी तिच्या हाती राहिले पाहिजे.