संगमरवरी बैठकीचे दिवे : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली की फर्माने, बखरी, शिलालेख आणि नाणी आपल्या डोळ्यांसमोर येतात. घरात रोज वापरलेली वस्तू मात्र ‘शोभेची’ ठरून काचेच्या कपाटात जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घडलेले संगमरवरी बैठकीचे दिवे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

प्रथम बैठकीचा विचार करू. तेलाची टाकी, बर्नर, काचेची हंडी आणि लोंबते लोलक हे सारे वजन उंच पितळी खांबाच्या माथ्यावर असे. असा दिवा कलंडला तर घराला आग लागण्याचे भय. तळाशी एक-दोन पायऱ्यांची चौकोनी संगमरवरी बैठक दिल्याने गुरुत्वमध्य खाली येई. शिवाय दगड जळत नाही. म्हणजे संगमरवर केवळ थाटासाठी नव्हता, त्याला व्यवहाराचा आधार होता.

बैठक तीच राहिली, पण वरचा दिवा इंधनाबरोबर बदलत गेला. १७८० च्या सुमारास जिनिव्हाच्या एमे आर्गां याने नळीसारखी पोकळ वात योजली. ज्योतीला आतून-बाहेरून हवा मिळू लागली आणि उजेड कितीतरी वाढला. पुढे अमेरिकेत देवमाशाचे तेल महाग पडू लागले, तर सिनसिनाटीसारख्या शहरांत डुकराची चरबी स्वस्तात मिळत होती. थंडीत गोठणारी ही चरबी जाळता यावी म्हणून फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियस याने १८४३ मध्ये ‘सोलर’ दिव्याचे पेटंट घेतले. यात ज्योतीची उष्णता धातूवाटे टाकीत उतरून चरबी पातळ ठेवी. या नावाचा आजच्या सौर ऊर्जेशी काही संबंध नाही. याच कॉर्नेलियसने १८३९ मध्ये काढलेले स्वतःचे छायाचित्र अमेरिकेतील आद्य व्यक्तिचित्रांत गणले जाते.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हानियातील टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली आणि केरोसीनचे युग सुरू झाले. हे पातळ तेल वातीतून सहज वर चढते. त्यामुळे अनेक जुन्या दिव्यांचे फक्त बर्नर बदलण्यात आले. या स्थित्यंतराची खूण आपल्या भाषेतही उरली आहे. मराठीतील ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला, उर्दूने मात्र ‘मिट्टी का तेल’ असा स्वतःचा शब्द घडवला. दगडातून आणि मातीतून निघालेले तेल, ही कल्पना दोन्हींत एकच!

विजेच्या आगमनानंतर याच दिव्यांत तारा घातल्या गेल्या. आज त्यांपैकी एखादा हाती आला तर तो कागदासारखा वाचावा. संगमरवराला तारेसाठी पाडलेले भोक, न जुळणारा बर्नर, दगडात मुरलेला तेलाचा पिवळट डाग हे सर्व पुरावे होत. हौशी संग्राहक भोक बुजवतो, डाग घासतो आणि वस्तू ‘मूळ रूपात’ आणल्याचे समाधान मानतो. वास्तविक तो त्या वस्तूच्या चरित्रातील पानेच फाडत असतो. पितळ उजळण्याची आपली लिंबू-चिंचेची सवय तर येथे घातकच. आम्लाने संगमरवर विरघळतो, त्याची झिलई कायमची जाते.

वर्गात औद्योगिक क्रांती शिकविताना सनावळ्यांबरोबर असा एखादा दिवा, निदान त्याचे चित्र, विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. ‘यात आधी काय जळत होते?’ एवढाच प्रश्न विचारला तरी व्यापार, विज्ञान आणि घरगुती जीवन यांचे धागे विद्यार्थी स्वतःच जोडू लागतील.