गाठीचे सहा दिवस

दारणाकाठचं भगूर नाशिकपासून फार दूर नाही. १८९९ साली तिथे प्लेगने दामोदरपंत सावरकर गेले, मागोमाग त्यांचे भाऊही. मुलगा विनायक तेव्हा सोळा वर्षांचा. मग धाकट्या नारायणाला ताप भरला. त्याला नाशिकला प्लेगच्या इस्पितळात ठेवलं, आणि त्याची शुश्रूषा करता करता थोरले बाबारावही आजारी पडले.

यांच्यापैकी कुणाला कोणत्या घटकेला पिसू चावली, याची नोंद असणं शक्य नाही. त्यामुळे खालचे तास त्यांचे नाहीत. गाठीच्या प्लेगचा रोगी औषधावाचून जसा खालावत जातो, तसे ते ढोबळ तास आहेत. एखाद्याच्या बाबतीत दिवसभर पुढेमागे व्हायचे. पाय त्या काळच्या नाशिककडच्या कुठल्याही माणसाचा समजा. अनवाणी.

१४४ तास आधी

बळदाशी उंदीर पडलाय. ‘उंदीर मेला’ असं त्या दिवसांत कुणी म्हणत नसे. उंदीर ‘पडायचे’, आणि ते पडू लागले की शहाणी माणसं गावाबाहेर झोपड्या टाकायची. उंदीर गार होतो तशी पिसू त्याला सोडते. तिच्या घशाशी जंतूंचा बोळा बसलाय, त्यामुळे प्यालेलं रक्त पोटात उतरत नाही. भुकेने वेडी होऊन ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी घशातलं थोडं बाहेर ओकते. ती वीतभरही उंच उडत नाही. उभ्या माणसाचा घोटा मात्र तिच्या टप्प्यात येतो. माणूस घोटा खाजवतो आणि कामाला लागतो.

१४३ तास आधी

कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्यांतून पाणी सतत पाझरत असतं. ते लसिकावाहिन्या गोळा करतात. त्यांच्या टोकांच्या भिंती कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या पेशींच्या असतात. बाहेर पाणी साचलं की कौल उचललं जातं, पाणी आत शिरतं, आणि आतला दाब वाढला की ते बंद होतं. दिवसाकाठी दोन-चार लिटर लसिका अशी रक्तात परत जाते. ही व्यवस्था नसती तर संध्याकाळपर्यंत आपण सुजून बसलो असतो. हत्तीरोगात तेच होतं: वाहिन्या निकामी झाल्या की पाय खांबासारखा होतो.

जे कौल पाण्यासाठी उघडतं, त्यातून जंतूही शिरतो. चावलेल्या जागीच बहुतेक जंतू अडकतात, पण थोडे सुटतात. थोडे पुरतात.

लसिकेला हृदय नाही. वाहिनी स्वतः थोडी आकसते, आतल्या झडपा मागे फिरू देत नाहीत, आणि बाकीचं काम पोटरीचे स्नायू करतात. म्हणजे हा माणूस शेताकडे चालतोय, तेव्हा प्रत्येक पावलागणिक तो स्वतःच ते जंतू वर ढकलतोय.

१३६ तास आधी

जांघ. आमच्या आजीला शरीरशास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं, पण पायाला काटा लागून पिकला की ती आधी जांघ चाचपायची. “अवधाण आलंय,” म्हणायची. काटा टाचेत आणि गाठ हातभर वर, हे कसं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. मला खूप वर्षं पडत होता. पायाची सगळी लसिका जांघेतल्या दहाएक ग्रंथींतून गाळून पुढे जाते, एवढंच त्याचं उत्तर. हाताची काखेतून, डोक्याची मानेतून. शरीरात अशा सहाशेच्या आसपास ग्रंथी असतात, बहुतेक वालाच्या दाण्यापेक्षा मोठ्या नसतात.

ग्रंथीत येणाऱ्या वाटा पुष्कळ, बाहेर जाणाऱ्या मोजक्या. लसिका आत रेंगाळते, आणि कडेला बसलेल्या भक्षक पेशी आलेला ऐवज गिळतात. प्लेगचा जंतू मात्र गिळला गेला तरी मरतोच असं नाही, काही भक्षक पेशींच्या पोटातच वाढतात. शिवाय पिसवेच्या थंड अंगातून ३७ अंशांच्या शरीरात आल्यावर काही तासांत त्याने अंगावर कवच चढवलंय. आता त्याला गिळणंही अवघड.

९६ तास आधी

वरून काहीच दिसत नाही. माणूस जेवतो, भांडतो, झोपतो.

आत दोन घड्याळं चालू आहेत. या जंतूला नेमकी लागू पडणारी प्रतिद्रव्यं याच ग्रंथीत तयार होतात, पण त्यासाठी योग्य पेशी सापडून तिची फौज व्हायला आठवडाभर लागतो. जंतूला तेवढा वेळ लागत नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस स्वतःला टोचून घेतली. तिचा अर्थ इतकाच, की ग्रंथीचं घड्याळ आधीच पुढे करून ठेवायचं. पण लशीविषयी लोकांच्या मनात धास्ती होती.

७२ तास आधी

हुडहुडी. डोकं फुटतंय, डोळे लाल, जीभ जड. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो.

५४ तास आधी

गाठ आली. वालाचा दाणा लिंबाएवढा होतो, मग अंड्याएवढा. चादरीचा स्पर्श सोसत नाही, म्हणून रोगी मांडी पोटाशी ओढून पडून राहतो. प्लेगला मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणायचे, आणि त्या नावात सगळं निदान आलं.

सरकारचंही निदान तेच होतं. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर घरात आणि रेल्वे स्टेशनावर माणसांच्या माना, काखा आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या. शरीरशास्त्राच्या दृष्टीने जागा अचूक होत्या, ग्रंथींचे घोस तिथेच असतात. पण भर फलाटावर परक्याने बायकांच्या काखेत हात घालायचा, म्हणजे काय होणार? लोक गाठ लपवू लागले. ‘कारंटीन’ हा शब्द त्या तापापेक्षा भयंकर ठरला.

२४ तास आधी

गाठीच्या आत आता ग्रंथी उरलेली नाही. भिंती कुजल्यात, रक्त झिरपलंय. जो गाळणा जंतू अडवायला होता, तो त्यांनी भरलाय. इथून दोन वाटा फुटतात. त्या काळच्या डॉक्टरांचा अनुभव असा, की गाठ पिकून फुटली तर आशा धरावी.

शून्य

फुटली नाही तर जंतू ग्रंथीमागून ग्रंथी ओलांडत कमरेतून पोटात चढतात. तिथून पाठीच्या कण्यापुढून हातभर लांबीची मुख्य लसिकावाहिनी वर जाते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत उघडते. चावा उजव्या पायाला असला तरी दार हेच. वाहिनी जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी रुंद. तिच्यापुढे रक्त आहे, आणि रक्तातून प्लीहा, यकृत, फुफ्फुसं. सूक्ष्म शिरांत गुठळ्या होतात, नाडी हाताला लागेनाशी होते. उपचाराविना गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रोगी दगावत, आणि स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून चाळीसहून अधिक वर्षं होती.

भगूरच्या त्या घरातली दोन मोठी माणसं गेली. नाशिकच्या इस्पितळातले दोघं भाऊ वाचले. त्यांच्या बाबतीत कोणतं घड्याळ कुठे अडलं, हे तेव्हा पाहण्याची सोय नव्हती. नारायणराव पुढे मुंबईत दातांचे डॉक्टर झाले.