एडिसनचे दप्तर : संशोधकाच्या समग्र कागदपत्रांचे संपादन आणि विज्ञानेतिहास

प्रस्तावना

ऐतिहासिक कागदपत्रांचे संपादन ही गोष्ट मराठी अभ्यासकाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रकाशित झाले. या कार्यामागे एक स्पष्ट भूमिका होती. बखर आणि दंतकथा यांपेक्षा अस्सल कागद अधिक विश्वसनीय आणि म्हणून इतिहासाची उभारणी कागदावरच व्हावी, ही ती भूमिका होय. परंतु हे कागद प्रामुख्याने राज्यकारभाराचे, लढायांचे आणि महसुलाचे होते. एखाद्या यंत्रसंशोधकाच्या दप्तराचे संपादन करावयाचे झाल्यास हीच पद्धत पुरेशी ठरेल काय? संशोधकाचा विचार शब्दांपेक्षा आकृत्यांत, हिशेबांत आणि फसलेल्या प्रयोगांत अधिक साठलेला असतो. अशा सामग्रीचा संपादक नेमके काय संपादित करतो, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

अमेरिकन संशोधक थॉमस अल्वा एडिसन (१८४७-१९३१) यांच्या कागदपत्रांच्या संपादन-प्रकल्पाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या प्रकल्पाचे स्वरूप, त्यातील संपादकीय अडचणी, त्यामुळे इतिहासात झालेल्या दुरुस्त्या आणि त्याच्या मर्यादा, या क्रमाने येथे विवेचन केले आहे.

दप्तर कसे निर्माण झाले?

एडिसन यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे नोंदली गेली. त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांची संख्या सुमारे ५० लाख पृष्ठे इतकी मानली जाते. त्यांत तीन हजारांहून अधिक प्रयोगवह्या आहेत. त्याखेरीज पत्रव्यवहार, पाठविलेल्या पत्रांच्या दाबयंत्राने काढलेल्या नकलांच्या वह्या, करारनामे, पेटंटचे अर्ज, न्यायालयातील साक्षी, कंपन्यांचे हिशेब आणि वृत्तपत्रांची कात्रणे आहेत. यांतील फार मोठा भाग न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे, १८८७ साली उभारलेल्या प्रयोगशाळेच्या वास्तूत जतन झाला. ९ डिसेंबर १९१४ रोजी याच आवारातील कारखान्याच्या अनेक इमारती आगीत भस्मसात झाल्या. प्रयोगशाळेची इमारत मात्र वाचली. ती वाचली नसती तर आज या विषयावर लिहिण्यासारखे फारसे उरले नसते.

एवढे कागद का जपले गेले, याचे उत्तर इतिहासप्रेमात शोधणे चुकीचे ठरेल. ते पेटंटच्या कायद्यात आहे. अमेरिकेतील तत्कालीन पद्धतीत दोन व्यक्तींनी एकाच शोधावर हक्क सांगितल्यास, ती कल्पना आधी कोणाला सुचली आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी कोणी सातत्याने परिश्रम केले, हे पाहिले जाई. त्यासाठी पुरावा लागे. १८७४ मध्ये एडिसन यांनी एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश पाठविण्याची चतुर्मुखी तारायंत्रपद्धती सिद्ध केली आणि तिच्या मालकीवरून वेस्टर्न युनियन आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी यांच्यात दीर्घ न्यायालयीन वाद झाला. अशा अनुभवांतून तारीख घालणे, सही करणे, सहकाऱ्याची साक्ष घेणे ही शिस्त प्रयोगशाळेत रुजली. म्हणजे आज आपण ज्याला इतिहासाचे साधन म्हणतो, तो मुळात वकिलाच्या हाती देण्यासाठी तयार ठेवलेला पुरावा होता. ही जाणीव संपादकाने क्षणभरही विसरता कामा नये. पुरावा म्हणून लिहिलेला कागद खोटा असतो असे नव्हे. परंतु तो कोणाच्या तरी बाजूने उभा असतो.

प्रकल्पाचे स्वरूप

१९७८ साली रटगर्स विद्यापीठ, अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा, स्मिथसोनियन संस्था आणि न्यू जर्सी इतिहास आयोग या चार संस्थांच्या सहकार्याने 'थॉमस एडिसन पेपर्स' हा प्रकल्प सुरू झाला. रीझ जेंकिन्स हे त्याचे पहिले संचालक होते. पुढे रॉबर्ट रोझेनबर्ग आणि पॉल इझ्राएल यांनी ही धुरा सांभाळली.

पन्नास लाख पृष्ठे छापणे अशक्य होते आणि त्यांतील प्रत्येक पावती छापण्याची गरजही नव्हती. म्हणून निवडीच्या दोन पायऱ्या ठरविण्यात आल्या. पहिल्या पायरीवर संशोधकांना उपयुक्त ठरतील असे कागद निवडून त्यांची मायक्रोफिल्म आवृत्ती काढण्यात आली. तिचा पहिला भाग १९८५ मध्ये उपलब्ध झाला. दुसऱ्या पायरीवर त्यांतूनही अत्यंत महत्त्वाचे कागद निवडून, त्यांचे लिप्यंतर करून आणि टीपा जोडून ग्रंथरूप आवृत्ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेमार्फत प्रसिद्ध होऊ लागली. 'संशोधकाची जडणघडण' अशा अर्थाचे शीर्षक असलेला पहिला खंड १९८९ मध्ये आला आणि तो जून १८७३ पर्यंतचा काळ व्यापतो. पुढे या दोहोंच्या जोडीला संगणकीय आवृत्ती आली आणि तीत दीड लाखांहून अधिक कागद जगभरच्या अभ्यासकांना खुले झाले.

या रचनेत एक समंजसपणा आहे. ग्रंथाचा संपादक वाचकाला वाट दाखवितो, तर चित्रप्रतींची आवृत्ती ती वाट तपासून पाहण्याची सोय करते. संपादकाने काय वगळले हे शोधणे वाचकाला शक्य होते. निवडीचा अधिकार आणि निवडीची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच योजनेत असणे, हे कोणत्याही साधनसंपादनाच्या दृष्टीने अनुकरणीय आहे.

संपादनातील प्रश्न

साहित्यकृतीच्या चिकित्सक आवृत्तीत अनेक प्रतींतून एका शुद्ध संहितेकडे जावयाचे असते. प्रयोगवहीच्या बाबतीत 'शुद्ध संहिता' ही कल्पनाच गैरलागू ठरते. तेथे खोडलेली ओळ, अर्धवट सोडलेली आकृती आणि चुकलेला गुणाकार यांनाच किंमत असते, कारण विचार कोठे वळला हे त्यांतूनच कळते. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकांसह मूळ लेखन जसेच्या तसे देणे आणि स्पष्टीकरण टीपांत करणे हे धोरण आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न आकृत्यांचा. एडिसन अनेकदा एका पानावर एकाच यंत्रभागाची अनेक रूपे काढीत. कित्येक पानांवर एकही शब्द नसतो. अशा पानाचे लिप्यंतर होऊ शकत नाही; ते चित्र म्हणूनच छापावे लागते आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी संपादकाला तारायंत्र, विद्युत् आणि रसायन यांचे तत्कालीन ज्ञान असावे लागते. याच न्यायाने या प्रकल्पाने काही प्रत्यक्ष यंत्रांनाही दस्तऐवजाचा दर्जा दिला. धातूचा तुकडा हादेखील वाचता येण्याजोगा मजकूर आहे, ही भूमिका साधनसंपादनाची व्याख्या विस्तारणारी आहे.

तिसरा प्रश्न कर्तृत्वाचा. वहीवर एडिसन यांचे नाव असले तरी हस्ताक्षर अनेकदा दुसऱ्याचे असते. तारायंत्रावरील नोकरीच्या काळात एडिसन यांनी सुटे, स्वच्छ अक्षर कमावले होते आणि ते ओळखता येते. इतर नोंदींत इंग्लंडहून आलेले चार्ल्स बॅचलर, गणिताचे उच्च शिक्षण घेतलेले फ्रान्सिस अप्टन आदी सहकाऱ्यांचे हात दिसतात. 'एडिसन यांचे समग्र कागद' या शब्दप्रयोगातील 'यांचे' या षष्ठीचा अर्थ म्हणूनच संपादकाला पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

इतिहासात झालेल्या दुरुस्त्या

या परिश्रमांचे फलित दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण विजेच्या दिव्याचे. ऑक्टोबर १८७९ मध्ये मेन्लो पार्क येथे कार्बनी तंतूचा दिवा लागला आणि तो चाळीस तासांहून अधिक काळ अखंड जळत राहिला, अशी कथा जुन्या चरित्रांनी रूढ केली. प्रयोगवहीतील नोंद निराळे सांगते. तेथे कोळसा केलेल्या साध्या सुती दोऱ्याचा दिवा साडेतेरा तास टिकल्याचे लिहिले आहे. त्यानंतर त्याची तेजस्विता वाढविण्यात आली आणि तासाभराने काच तडकली. रॉबर्ट फ्रीडेल आणि पॉल इझ्राएल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कागदांच्या आधारे दिव्याच्या शोधाची सविस्तर कहाणी मांडली. सप्टेंबर १८७८ पासून वर्षभर प्लॅटिनमच्या तारेवर चाललेले प्रयोग, निर्वात पंपात झालेली सुधारणा, आणि १८८० मध्ये बांबूच्या तंतूपर्यंत गेलेला शोध या सर्वांच्या मधली ती एक पायरी होती. चाळीस तासांची कथा एका रात्रीचा चमत्कार सांगते. साडेतेरा तासांची नोंद कामाची पद्धत सांगते. तासांतील हा फरक म्हणूनच केवळ आकड्यांचा नाही.

दुसरे उदाहरण फोनोग्राफचे. या यंत्राचा एक आराखडा दीर्घकाळ प्रसिद्ध होता. कुशल कारागीर जॉन क्रूसी यांना यंत्र तयार करण्याची सूचना आणि १२ ऑगस्ट १८७७ ही तारीख त्यावर एडिसन यांच्या हस्ताक्षरात आहे. साहजिकच ही तारीख शोधाचा दिवस म्हणून सांगितली जाई. इतर कागदांशी ताडून पाहता ती सूचना आणि तारीख नंतर घातलेली असल्याचे सिद्ध झाले. १८ जुलै १८७७ च्या नोंदीत मानवी आवाज साठवून पुन्हा ऐकविता येईल ही कल्पना आढळते. प्रत्यक्ष यंत्र मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झाले आणि २४ डिसेंबर रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कागद अस्सल आहे, हस्ताक्षर अस्सल आहे, तरीही तारीख विश्वसनीय नाही. अस्सल कागद म्हणजे सत्य, हे समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. एक कागद दुसऱ्या कागदाशेजारी ठेवल्याखेरीज तो बोलत नाही. संपादन म्हणजे हे शेजारीपण घडवून आणणे होय.

मर्यादा आणि मोल

ग्रंथरूप आवृत्ती १५ खंडांची योजिली होती. १९८९ ते २०२१ या ३२ वर्षांत तिचे ९ खंड प्रसिद्ध झाले. नववा खंड १८८८ आणि १८८९ या दोन वर्षांचा आहे. म्हणजे नवव्या खंडाच्या अखेरीस एडिसन अवघे ४२ वर्षांचे आहेत आणि त्यांचे तेवढेच आयुष्य अद्याप शिल्लक आहे. संपादकांच्या एका पिढीचे सारे कार्यजीवन अर्ध्या आयुष्याच्या कागदांत गेले. त्यासाठी विद्यापीठाचे पाठबळ, सार्वजनिक अनुदाने आणि खासगी देणग्या सातत्याने लागल्या. असा खर्च का करावा, हा प्रश्न अनुदान देणारा विचारणारच, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी अभ्यासकांचीच आहे.

मर्यादा केवळ वेळेची नाही. पेटंटसाठी जपलेल्या दप्तरात पेटंटशी संबंध नसलेल्यांचा आवाज क्षीण असणे स्वाभाविक आहे. कारखान्यातील कामगार बहुधा वेतनाच्या यादीतील नाव म्हणून येतो. एडिसन यांच्या पहिल्या पत्नी मेरी यांचे ऑगस्ट १८८४ मध्ये निधन झाले. १८८३-८४ च्या कागदांच्या सातव्या खंडाच्या शीर्षकात 'हानी' आणि 'निष्ठा' अशा अर्थाचे शब्द संपादकांनी योजिले आहेत. परंतु घरातील हानीची नोंद प्रयोगवहीत शोधावी लागते, ती तेथे सहज सापडत नाही. दप्तराचे मौन हेही संपादकाने वाचकाच्या लक्षात आणून द्यावयाचे असते.

तरीही या कार्याचे मोल निर्विवाद आहे. एकट्या प्रतिभावंताच्या स्फूर्तीतून शोध लागतात ही लोकप्रिय समजूत आहे. तिच्या जागी भांडवल, कायदा, कारागिरी आणि अनेकांचे सहकार्य यांतून शोध घडतात, हे चित्र या कागदांनी पुराव्यानिशी उभे केले. एडिसन यांचे मोठेपण त्यामुळे कमी झाले नाही. ते समजण्याजोगे झाले.

निष्कर्ष

मुंबईत १८६७ साली जन्मलेले आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे निधन पावलेले शंकर आबाजी भिसे यांना 'भारताचे एडिसन' असे संबोधले गेले. मुद्रणाचे खिळे पाडणाऱ्या यंत्रात त्यांनी घातलेली भर उल्लेखनीय होती. मात्र उपाधी गौरव करते, माहिती देत नाही. एखाद्या संशोधकाने कोणत्या अडचणीपुढे काय केले, कोणाचे साहाय्य घेतले, भांडवलाअभावी कोणता प्रयत्न सोडून दिला, हे केवळ त्याच्या कागदांतूनच कळू शकते. एडिसन यांच्या दप्तराचा आपल्यासाठी खरा धडा हाच आहे.

तो धडा पन्नास लाख पृष्ठांच्या प्रमाणातच गिरविला पाहिजे असे नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या नोंदवह्या, यंत्रांची देयके, कर्मशाळेतील आराखडे, निवृत्त प्राध्यापकांची अप्रकाशित टिपणे ही सामग्री रद्दीत जाण्यापूर्वी तिची सूची करणे, तिच्यावर तारखा आणि हस्ताक्षरे कोणाची आहेत याची नोंद करणे, एवढे काम प्रत्येक इतिहास आणि विज्ञान विभागाला एकत्र येऊन करता येईल. साधनांविषयीची जी निष्ठा राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी दाखविली, ती आपल्याकडील यंत्रविद्येच्या आणि विज्ञानाच्या इतिहासालाही लाभणे अगत्याचे आहे. तसे झाले नाही तर आपल्या संशोधकांविषयी चाळीस तासांच्या कथा सांगितल्या जातील आणि साडेतेरा तासांची नोंद दाखविण्यास कोणतीही वही उरणार नाही.