पुराणातले रान आणि वांगणीचा माळ



दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. रान हवे तर रानाचा रंगवलेला पडदा, राजवाडा हवा तर राजवाड्याचा. वाऱ्याने पडदा हलला तरी कोणी तक्रार करीत नाही. हे रानच आहे, असे आपण मानून घेतो. कॅमेऱ्याला मात्र असे मानून घेता येत नाही. तो कापडाला कापड दाखवतो आणि मातीला माती. म्हणून देवादिकांची किंवा राक्षसांची अद्भुत कथा पडद्यावर आणणाऱ्याला जमीन तरी खरी शोधावी लागते. ही शोधाशोध महाराष्ट्रात कशी झाली, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

दादासाहेब फाळके स्वतः चित्रकार. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकलेले; छायाचित्रण, छपाई, नाटकांचे पडदे, सगळ्यांत हात घातलेला. ‘राजा हरिश्चंद्र’चा राजवाडा त्यांनी दादरला उभा केला. पण रानातले प्रसंग? त्यासाठी मंडळी वांगणीला गेली. कल्याणहून कर्जतला जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. त्या काळी चित्रीकरण चाले ते सूर्याच्या भरवशावर, त्यामुळे उघड्या माळाची अडचण नव्हती, उलट सोय होती.

पुढे जे घडले ते फाळक्यांच्या चरित्रात मोठ्या गमतीने सांगितले जाते. ढाल-तलवारी घेतलेले अनोळखी पुरुष गावाबाहेर उतरलेले पाहून वांगणीकरांना वाटले, दरोडेखोर आले! पाटलाने फौजदाराला वर्दी दिली. तलवारी लाकडी आहेत, आम्ही हरिश्चंद्राची गोष्ट करतो आहोत, हे फौजदाराला काही केल्या पटेना. शेवटी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रसंग करून दाखवावा लागला, तेव्हा कुठे सुटका झाली. आपण ऐकून हसतो. पण मला विचाराल तर वांगणीकरांचे काहीच चुकले नव्हते. ज्यांनी सिनेमा कधी पाहिलाच नाही त्यांनी हत्यारबंद परक्यांना आणखी काय समजावे? २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो चित्रपट लागला. मुंबईच्या प्रेक्षकांनी सत्ययुगातले रान म्हणून जे पाहिले, ते वांगणीच्या शिवारातले होते. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले आणि पुढचे पौराणिक चित्रपट त्यांनी तिथे राहून काढले.

१९३१ नंतर चित्रपट बोलू लागला आणि मंडळी पुन्हा चार भिंतींच्या आत आली, कारण बाहेरचा आवाज आवरणार कोण? ‘प्रभात’ने कोल्हापुरात आणि नंतर पुण्यात अख्खी नगरे स्टुडिओत उभी केली. तो इतिहास मोठा आहे. त्यात आज शिरत नाही.

आपल्या काळाकडे येऊ. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. हस्तर नावाच्या लोभी देवाची ही कथा. त्याने सोने मिळवले, पण अन्नाला तो मुकला. म्हणून कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि त्याच्याजवळच्या मोहरा पळवायच्या. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सोने आणि पीठ यांचा हा सौदा समजावून सांगावा लागू नये. कथेतल्या गावाला शाप आहे, तिथे पाऊस थांबत नाही. असा पाऊस रंगवून होत नाही. पावसाळी उजेड, ओल्या भिंती, शेवाळ यांचे सोंग आणणे कठीण. त्यासाठी मंडळींनी चार पावसाळे काम केले.

आता यातली मौज पाहा. तुंबाड हे गाव खरोखरच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी १९८७ साली आली आणि ते नाव मराठी घरांत आधीच पोचले. चित्रपटातला वाडा मात्र तिथला नाही. तो सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. पेशवाईच्या आरंभी ज्या घराण्याने राज्यकारभार पाहिला त्यांचा. आणि सासवडचा पुरंदर तालुका पाण्यासाठी तळमळणारा! कोकणातला पाऊस आणि देशावरचा वाडा कॅमेऱ्याने जोडून टाकला, आणि जोड कुठे दिसत नाही.

कारागिरी म्हणून हे उत्तमच. पण तुंबाड म्हटले की आज तरुणाच्या डोळ्यांपुढे हस्तर उभा राहतो, आणि त्या पडक्या दरवाजातून कोणते सरदार ये-जा करीत होते ते कोणी विचारीत नाही. वांगणीवर ही पाळी आली नाही, कारण पडद्यावर तिचे नावच नव्हते.

हे सांगण्याचे कारण आपल्या जवळचे आहे. उद्या असाच एखादा कॅमेरा गोंदिया जिल्ह्यात आला तर त्याला काय आवडेल? हाजरा फॉलचे कोसळणे आवडेल. नवेगावबांधचा जलाशय आणि भोवतीचे सातबहिणींचे डोंगर आवडतील. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते, आणि तलाव बांधणे ही तर कोहळ्यांची ख्यातीच. पण दिग्दर्शकाला तिथे एखादी जलपरीच दिसायची. सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा तर राक्षसाच्या बिळासाठी जणू तयारच ठेवली आहे, असे त्याला वाटेल.

मात्र ती गुहा रिकामी नाही. तिथे कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवले आणि त्यांच्यापासून आपली कुळे झाली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. शिक्षकबंधूंना म्हणून एक सुचवतो. माघ पौर्णिमेच्या यात्रेला मुलांना घेऊन जा. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या वाटेने चढताना सोबतीला गावोगावचे वृद्ध यात्रेकरू असतात. ते सांगतील ते मुलांच्या वहीत उतरवून घ्या. गुहेच्या तोंडाशी पोचेपर्यंत चार-सहा पाने सहज भरतील.